बीओटीएचला नंबर लागलाय, सरकारी शिष्यवृत्ती नेमकी कोणती मिळेल?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. पुतणीचा प्रश्न आहे. नीटचे मार्क बेताचे. एमबीबीएसचा विषयच नव्हता, बीएएमएसची सरकारी जागा थोडक्यात हुकली. आता कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी लागलंय. पोरगी खूश आहे, घरचे साशंक. भावाची अडीच एकर शेती, शिवाय छोटं किराणा दुकान. ओबीसी, उत्पन्नाचा दाखला दोन लाखांच्या आतला.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या कोर्सला सरकारकडून फीमाफी, शिष्यवृत्ती काय मिळते? साताऱ्याची पोर नागपुरात राहणार, तर राहण्याखाण्याला काही मदत आहे का? आणि शिकून पुढे काय? वहिनी म्हणते, "मालिशच करायची तर साडेचार वर्षं कशाला?"

वऱ्हाडी_ठेचा
पहिले तर अभिनंदन भाऊ. राह्यलं प्रवासाचं, तर साताऱ्याहून नागपूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट आहे. कोल्हापूरहून निघते आन् गोंदियाला जाते, अख्खा महाराष्ट्र दाखवते. पोरगी पहिल्या सेमिस्टरची अॅनाटॉमी गाडीतच उरकून टाकन.

शासननिर्णय_वाचक
आधी फीचं बघू. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. आधी ती ५० टक्के होती. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी, तिन्हींना लागू. वैद्यकीय शिक्षण विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र वगळलेली आहेत, मॅनेजमेंट कोट्यालाही मिळत नाही. तुमच्या पुतणीची जागा शासकीय आणि कॅपची, त्यामुळे चिंता नको.

राहण्याखाण्याला ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' बघा. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. बाकी महापालिका क्षेत्रात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, तालुक्याला ३८,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पण जिल्ह्यामागे विद्यार्थी ६००, त्यामुळे गुणवत्ता यादी लागते. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर ही रक्कम मिळत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी असंच 'स्वाधार' आहे, आदिवासी मुलांसाठी 'स्वयम'. खुल्या गटाला राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

केंद्राचंही एक आहे. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असेल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० आणि व्यावसायिक कोर्सच्या चौथ्या वर्षी २०,०००. पण दुसरी शिष्यवृत्ती घेतली की हे चालत नाही, दोन्हींतलं मोठं कोणतं ते बघून ठरवा.

पेठेतला
एवढं पाठ आहे म्हणजे शासननिर्णय_वाचक हे आयडी नसून संचालनालय आहे, अशी दाट शंका येते.

हातखंडा
मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मुंबईत शिकले, मुंबईतच काम करते. वरच्या प्रतिसादात भर घालते.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत (मुंबईत केईएम, सायन, नायर आणि तिकडे नागपूर) या कोर्सची फी मुळातच कमी असते. त्यामुळे 'फी १०० टक्के माफ' ऐकायला मोठं वाटलं तरी घरच्यांचा खरा ताण फीचा नसतो, मेस, खोली, पुस्तकं आणि येण्याजाण्याचा असतो. कोरेगावकर, तुम्ही आधार योजनेच्या मागे लागा. फीमाफीचं कॉलेजचे क्लार्क करून घेतात, राहण्याच्या पैशासाठी आपल्यालाच समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

वहिनींना सांगा, आम्ही मालिश करत नाही. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. फिजिओने त्यांना चालतं केलं, फार चांगलं काम केलं होतं. पण बाई रडत होत्या, कारण सून कांदा चिरू देत नव्हती. आम्ही एक लाकडी पाट घेतला, त्याला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकून टोकं वर काढली, पाटाच्या खाली रबराचे तुकडे लावले. कांदा खिळ्यांत खोचायचा, तो हलत नाही, डाव्या हाताने सुरी चालवायची. पहिल्या दिवशी फोडी वेड्यावाकड्या झाल्या, चौथ्या दिवशी बाईंनी पोह्यांपुरता कांदा चिरला. ब्लाउजला पुढून वेल्क्रो, गाऊनला मोठी बटणं, चमच्याच्या दांड्याला फोमची जाड नळी. बोटं आखडू नयेत म्हणून हाताची स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टीही आम्हीच बनवतो. थर्मोप्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो, मग तो रुग्णाच्या हातावर ठेवून मिनिटभरात आकार द्यायचा. गार झाल्यावर पुन्हा गरम करून सुधारता येतो, पण दर वेळी थोडा थोडा बिघडतो, म्हणून पहिल्याच वेळी नीट करायचा. चांगला ओटी ओळखायचा तो तिथे.

खडूस_काका
सगळं छान, पण एक कडू प्रश्न. करदात्यांच्या पैशाने फीमाफी, भत्ता, सगळं घेऊन ही मुलं करतात काय? अर्धी दुबई, अर्धी अमेरिका. एमबीबीएसला निदान सरकारी सेवेचं बंधपत्र तरी आहे. इथे तेही नाही. सरकारने पैसे खर्च करायचे आणि फायदा टेक्ससच्या आजोबांना.

वऱ्हाडी_ठेचा
काका, टेक्ससच्या आजोबांनाबी कांदा चिराचा असन ना.

हातखंडा
काका, बाहेर जातात हे खरं. माझ्या बॅचमधलेही बरेच गेले. पण ते का गेले तेही विचारा. सरकारने विद्यार्थ्याला शिकवायला पैसे दिले. शिकून झाल्यावर जागा कुठे आहेत? सांगली किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात ओटीची कायम जागा निघाली तर त्या दिवशी मी पेढे वाटीन.

डीईआयसी_मधला
माझा आयडी सांगतोय मी कुठे आहे: डीईआयसी, म्हणजे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. काकांच्या आणि ताईंच्या मधलं बोलतो.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत पथक जाऊन तपासतं, मूल उशिरा बसतंय, बोलत नाही, हातपाय ताठ आहेत असं दिसलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथे आमच्यासारखे लोक. पण सगळे कंत्राटी, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. अकरा महिने झाले की एक दिवस खंड. मानधन बोलण्यासारखं नाही. माझ्याबरोबरची एक मुलगी दोन वर्षं थांबली आणि गेली आखातात. तिला कोण दोष देणार? ती गेल्यावर ते टेबल सात-आठ महिने रिकामं होतं आणि मूल ज्या वयात यायला हवं ते वय निघून जात होतं.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग जुने आहेत. हातमाग, सुतारकाम, बागकाम, एकेकाळी चांगली चालायची. आता तिथे किती जागा भरलेल्या आहेत, ते माहिती अधिकारात कुणी विचारलं तर धाग्याला चार चांद लागतील.

काळू_मांजर
+१. बंधपत्र घालायचं तर आधी जागा काढा. रिकाम्या खुर्चीला कोणाला बांधणार?

फलटणवाली
कोरेगावकर, तुम्ही साताऱ्याचे आणि तुमच्या घरात हा प्रश्न, याची मला जरा गंमत वाटली.

भारतातच काय, आशियात ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली ती कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर इथे आल्या आणि कमला निंबकर झाल्या. साडी नेसायच्या, इथलं सगळं आपलंसं केलं. १९५२ मध्ये ओटींची अखिल भारतीय संघटना उभी राहिली ती त्यांच्यामुळेच, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला त्या दहा संस्थापक देशांत भारत होता. नागपूरची शाळाही त्यांच्याच प्रयत्नांतून, १९५८ ची. तुमची पुतणी तिथेच चाललीय.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर म्हणजे आमच्या फलटणचे शेतीसंशोधक. सून जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांची कन्या. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या शाळेचं नावही कमला निंबकर बालभवन. आमच्याकडे पोरं 'बालभवन' म्हणतात, ते नाव कोणाचं हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही.

पेठेतला
अवांतर: इरावतीबाई, महर्षी कर्वे, फलटण आणि केईएम एकाच प्रतिसादात. आता फक्त लोकमान्य राहिले.

फलटणवाली
@पेठेतला, इरावतीबाई महर्षींच्या सूनबाई, म्हणजे तो धागा जुळलाच. लोकमान्य तुम्ही जोडा, पेठ तुमची.

कऱ्हाडची_आई
मी इथे फारसं लिहीत नाही, पण राहवत नाहीये.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. आम्हाला ओटीसाठी पुण्याला जावं लागायचं. एसटीचं तिकीट, रिक्षा, थेरपीची फी, आणि त्या दिवशी माझा रोज बुडायचा. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' विमा काढलाय, एक लाखाचा आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो, पण आधी खिशातून भरायचे आणि मग पावत्या पाठवायच्या. एका पावतीवर शिक्का पुसट म्हणून परत आली.

आता कऱ्हाडमध्येच एक मुलगी क्लिनिक चालवते. बीओटीएच झालेली, मूळची पाटणकडची, शिष्यवृत्तीवर शिकलीय असं तीच म्हणाली. आठवड्यातून दोनदा जातो. पोरगा सुरुवातीला पेन्सिल मुठीत धरून कागद फाडायचा. तिने खडूचे अर्धे इंचाचे तुकडे केले आणि म्हणाली याच तुकड्यांनी लिहायचं. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. आता तो आपलं नाव लिहितो, जोडाक्षर सोडून.

काका, सरकारने तिच्यावर किती खर्च केला मला माहीत नाही. माझे मात्र पुण्याचे हेलपाटे वाचले.

खडूस_काका
ताई, तुमच्या मुलाला माझे आशीर्वाद. माझा आक्षेप त्या पाटणच्या मुलीवर नाहीच, तिच्यावर दुप्पट खर्च करा. ती अपवाद का आहे, एवढाच माझा प्रश्न. जी कऱ्हाडला, उदगीरला, शहाद्याला क्लिनिक टाकेल तिला पुढची दोन-तीन वर्षं भाड्याला, साहित्याला अनुदान द्या की. शिकताना सगळ्यांना सारखं आणि शिकून झाल्यावर कुणालाच काही नाही, हा कुठला हिशोब?

डीईआयसी_मधला
काका, आज पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवतो.

अर्धी_फी
मुलींचं चांगलं झालं, मनापासून. पण मुलांचं पण बोला. मी ओबीसी, खाजगी कॉलेजात कॅपमधून, तिसरं वर्ष. मला शिक्षण शुल्काच्या निम्मेच. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं पूर्ण माफ, आणि तिच्या वडिलांकडे माझ्या बाबांपेक्षा मोठी गाडी. उत्पन्न आठ लाखांच्या आत दोघांचंही, कागदावर. वर कॉलेज म्हणतं, शासनाकडून पैसे आले नाहीत, तोवर तुम्ही भरा, आले की परत करू. गेल्या वर्षीचे अजून यायचेत.

शासननिर्णय_वाचक
@अर्धी_फी, सवलतीस पात्र विद्यार्थ्याकडून शासनाची रक्कम येण्याआधी ती आगाऊ वसूल करू नये, अशा सूचना वेळोवेळी निघाल्या आहेत. लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, प्रत विभागीय सहसंचालकांना. तोंडी भांडू नका. मुलींमुलांच्या फरकाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण व्यावसायिक शिक्षणात मुलींचं प्रमाण कमी होतं म्हणून तो निर्णय झाला.

अर्धी_फी
ओटीच्या वर्गात मुलींचं प्रमाण कमी? सर, आमच्या वर्गात मुलं इतकी थोडी आहेत की आमचा नाच गॅदरिंगला बसवायलाही माणसं पुरत नाहीत.

लंडनचा_मालवणी
हयसर इंग्लंडात काय चलता ता सांगतंय, मग शुद्धात येतो. पूर्वी ओटीच्या विद्यार्थ्यांना एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची बर्सरी (शिष्यवृत्ती) होती, फीही सरकार भरायचं. २०१७ ला ते बंद करून सगळ्यांना कर्जावर टाकलं. अर्ज घटले, ओरड झाली. २०२० पासून नर्सिंग, मिडवाइफरी आणि ओटीसारख्या कोर्सना वर्षाला ५,००० पौंड, परत न करायचे, असं अनुदान पुन्हा सुरू केलं. लहान मूल असेल तर वर २,०००. फी मात्र अजून कर्जातूनच. आणि हे इथल्या रहिवाशांना, व्हिसावर शिकायला येणाऱ्यांना नाही. एजंट सांगेल 'अनुदान मिळतं', त्याच्या नादी लागू नका. इथेही ओटी कमी पडतात म्हणून तुमची माणसं घेऊन जातात, काकांची तक्रार बरोबरच आहे.

जर्सी_सिटीकर
अमेरिकेचं थोडक्यात. इथे ओटी व्हायला निदान मास्टर्स लागतं, त्यामुळे सगळं कर्जावर. माझी भाची इथलीच नागरिक, याच वाटेवर आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केलं. आता पदव्युत्तरला वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण एक लाख. 'प्रोफेशनल' ठरवलेल्या पदव्यांना वर्षाला ५०,०००, एकूण दोन लाख. शिक्षण खात्याच्या समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जी व्याख्या मान्य केली त्यात डॉक्टर, डेंटिस्ट, वकील आहेत, नर्सिंग, फिजिओ आणि ओटी नाहीत. इथल्या ओटी लोकांचा जीव त्यावरून खालीवर. कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्याचे उपचार करणारा, त्या यादीत आहे बरं का.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे मालिशवाला प्रोफेशनल आन् कांदावाली नाई? वहिनीले हे वाचाले देऊ नका भाऊ.

हातखंडा
@वऱ्हाडी_ठेचा, कायरोप्रॅक्टरही मालिश करत नाहीत, पण जाऊ दे.

नोंदणीबद्दल कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओची राज्य परिषद २००२ च्या कायद्याने आहे, पास झाल्यावर तिथे नोंदणी करायची. २०२१ मध्ये अशा आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, त्यात ऑक्युपेशनल थेरपी स्वतंत्र व्यवसाय म्हणून आहे. पुतणीला नोकरी शोधताना हे उपयोगी पडेल. लहान मुलांच्या क्षेत्रात काम भरपूर आहे, शहरात तर रांगा आहेत. वृद्धांकडे, भाजलेल्यांकडे आणि मनोरुग्णांकडे जाणारे कमी, माझ्या मते पुढची वीस वर्षं तिथेच आहेत.

कोरेगावकर
सगळ्यांचे आभार. रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवलं. कांद्याच्या पाटाशी वहिनी थांबली आणि म्हणाली परत वाच. तिच्या आईचा हात चार वर्षं तसाच आहे. आता ती म्हणतेय नागपूरलाच जाऊ दे. भाऊ अजून 'बीएएमएसची तिसरी फेरी बघू' म्हणतोय. पोरीने आजच रिपोर्टिंगची बॅग भरलीय, त्यामुळे भावाचं काही चालेल असं दिसत नाही.

कमला निंबकरांचं पोरीला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बालभवनावरून शंभरदा गेलोय.

आता एक शंका. तिचं खातं जिल्हा बँकेत आहे. चालेल का? आणि नागपूरला प्रवेश, तर आधार योजनेचा अर्ज साताऱ्यात करायचा की नागपुरात?

खिडकी_नंबर_३
मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसतो, गावाचं नाव नको.

खातं कुठल्याही बँकेत असलं तरी आधारशी 'सीडेड', म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी जोडलेलं पाहिजे. नुसतं केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडेड होत नाही. पैसे आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिथे जातात. निम्मी पोरं सांगतात 'सर पैसे आले नाहीत', आणि ते बापाने कधी काढून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. पोस्टात जाऊन खातं काढा आणि तिथेच सीडिंग करून घ्या, आमच्याकडच्या पोरांना ते सोपं पडतं.

आधार योजनेचा अर्ज कॉलेज ज्या जिल्ह्यात त्याच जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फीमाफीचा अर्ज वेगळा, एक भरला की दुसरा झाला असं समजू नका.

कागद: चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता, डोमिसाईल, कॅपचं अलॉटमेंट पत्र, दहावी बारावीच्या गुणपत्रिका, भाड्याने राहणार तर घरमालकाचा करार. दाखल्यावर मुलीचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, स्पेलिंगसकट. आमच्याकडे सर्वांत जास्त अर्ज 'सेंट बॅक' होतात ते यावरून. अर्ज परत आला की एसएमएस येतो, पण पोरं ती जाहिरात समजून पुसतात. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघायला सांगा.

आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, फॉर्म भरायचा असेल तर भावाला आजच ठरवायला लावा. तो भरला की पुढच्या फेरीत नाव जात नाही.

कोरेगावकर
नॉन क्रिमीलेअर आहे, जात वैधताही आहे. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे. उद्या सकाळी सेतूत जातो.

खिडकी_नंबर_३
सकाळी अकराच्या आत जा. नंतर सर्व्हर बसतो.